मॉडेलचे वजन आणि नमुन्याचा कपडा

फॅशन मॉडेलसाठी किमान वजनाची अट असावी का, हा विषय मायदेशी निघाला की ‘ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) १८.५ पेक्षा कमी, म्हणजे वजन अपुरे आहे, तेथे रॅम्पवरच्या मुलींची चिंता कसली?’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (२०१९-२१) हा आकडा खरा आहे. परंतु गरिबीने घडणाऱ्या उपासावर उपाय सापडेपर्यंत नोकरीपायी लादलेल्या उपासाकडे काणाडोळा करावा, हे मला पटत नाही.

२००६ मध्ये उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस दगावल्यावर माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय १८ ची अट घातली आणि इस्राएलने २०१३ पासून १८.५ चा कायदाच लागू केला. मी राहतो त्या फ्रान्सनेही आधी आकडाच धरला होता. मात्र २०१७ मध्ये अमलात आलेल्या नियमांत ठरावीक आकड्याऐवजी एकंदर प्रकृती पाहून दिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आणि नियम मोडणाऱ्या एजन्सीला सहा महिन्यांपर्यंत कैद व ७५ हजार युरोंपर्यंत दंड ठेवला गेला. हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो आणि त्याचा दाखला पुण्यातच आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी काढलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अशा आकड्यावर कोणाचे काम काढून घ्यावे?

फ्रेंच प्रमाणपत्र दोन वर्षांपर्यंत चालते, ही मात्र निव्वळ ढिलाई आहे. इस्राएलमध्ये तपासणी तीन महिन्यांच्या आतली लागते.

खरे दुखणे नमुन्याच्या कपड्यात आहे. डिझायनर तो आधीच एका ठरावीक लहान मापात शिवून ठेवतो, फिटिंगच्या वेळी चेन वर सरकली तर काम मिळते, आणि नाही सरकली तर शिवण उसवण्याऐवजी मुलीनेच कंबर कमी करायची असते. एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या फ्रेंच समूहांनी २०१७ च्या सनदेत स्त्रियांसाठीचे ३२ हे अगदी लहान फ्रेंच माप वर्ज्य केले, ते यासाठीच.

फ्रान्समध्ये मॉडेलला कायद्याने नोकरदार मानतात, म्हणून जाब कोणाला विचारायचा हे स्पष्ट असते. आपल्याकडे बहुतेकींचे काम एकेका शोपुरते असते; त्यामुळे मुंबईत असा नियम करायचा झाल्यास नमुन्याच्या मापाची आणि तपासणीची जबाबदारी आयोजकांवरच टाकावी लागेल, नाहीतर डॉक्टरांची फीही त्या मुलीच्याच माथी बसेल.