बक्षीस कशाला द्यायचं?

‘ठळक, देखणी रचना उभी राहिली की कलाकेंद्राच्या आवारात लोक आपोआप रमतील’ हे आवाराच्या रचनेसाठी ठेवलेल्या बक्षिसाच्या स्पर्धेवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. देखणी रचना बघायला लोक एकदा येतात, फोटो काढतात, निघून जातात. थांबतात ते बसायला जागा, सावली आणि जवळपास खायला काहीतरी मिळालं तर. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून हेच दाखवलं होतं. हलवता येणाऱ्या साध्या खुर्च्यांचा त्यांनी केवढा आग्रह धरला होता!

व्हिएन्नाच्या म्युझियम्सक्वार्टिअर या संग्रहालयांच्या परिसराचा उल्लेख यायला हवा होता. तिथल्या अंगणात २००२ पासून ‘एन्झी’ नावाची भलीमोठी आसनं आहेत आणि लोक त्यांवर चक्क आडवे होतात, तेही तिकीट न काढता. लंडनच्या साउथबँक सेंटर या कलाकेंद्राखालची जागा तर स्केटबोर्डवाल्या पोरांनीच जिवंत ठेवली. तिथे दुकानं काढायचा २०१३ चा बेत विरोधामुळे पुढच्याच वर्षी बारगळला. या स्पर्धेच्या परीक्षकांत असं रोज आवार वापरणारं कोणी आहे का? आणि दुसऱ्या वर्षीची डागडुजी, झाडलोट कोणाच्या पैशातून होणार? लेखात दोन्हींबद्दल अवाक्षर नाही.