चित्र धूसर झाले म्हणून यूपीआय पिन देऊ नका

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी ग्वाल्हेरच्या जनकगंजात आत्याकडे गेलो, तेव्हा ती एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने जुनी डायरी चाळत होती. त्या डायरीत तिने आपला यूपीआय पिन लिहून ठेवला आहे आणि तोच ती शोधत होती. कशासाठी, असे विचारल्यावर तिने भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक निरोप माझ्यापुढे धरला. हाच निरोप पुढच्या दोन दिवसांत मला शाळासोबत्यांच्या गटावर, आमच्या गल्लीच्या गटावर आणि पुण्याच्या मावसभावाकडून असा तीनदा आला, म्हणून त्याला एकदा सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

निरोप थोडक्यात असा आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) आदेशानुसार येत्या एक तारखेपासून यूट्यूबसह सर्व मोफत व्हिडिओ संकेतस्थळांवर ४८०पीच्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, वरचे चित्र पाहण्यासाठी दरमहा ६० रुपये पडतील; मोबाईल क्रमांक ज्या बँक खात्याला जोडलेला आहे त्यातून ते आपोआप कापले जातील; पैसे न भरणाऱ्यांचे व्हिडिओ आत्तापासूनच धूसर दिसू लागले आहेत, पुढे आवाजही खालावेल आणि जतन केलेले व्हिडिओ पुसले जातील; मात्र खालील दुव्यावर जाऊन एक रुपया भरणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना ‘आजीवन सूट’ मिळेल.

मी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा निरोप त्या एका वाक्यासाठी रचलेला आहे. मंडळातल्या एका काकूंनी बुधवारीच तो दुवा उघडला होता. पानावर ठळक अक्षरांत ‘फक्त एक रुपया’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली हिरवे बटण होते. बटण दाबताच पैसे भरण्याचे ॲप उघडले, पिन विचारला गेला, काकूंनी आकडे टाकले आणि खात्यातून १,९९९ रुपये गेले. पिन टाकण्याच्या पडद्यावर रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव दोन्ही दिसत असते हे खरे, पण एकच रुपया जाणार आहे हे आधीच मनावर ठसवलेले असताना, बारीक अक्षरे आणि अंगठ्याएवढा पडदा यांच्यापुढे सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी काय करायचे? काकूंना यात दोष देणे मला मुळीच मान्य नाही. दोष तो निरोप रचणाऱ्याचा आहे, आणि न वाचता तो पुढे ढकलणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

यूपीआय पिन लागतो तो खात्यातून पैसे बाहेर पाठवण्यासाठी किंवा तशी परवानगी देण्यासाठी, किंवा फार तर शिल्लक पाहण्यासाठी. सूट नोंदवण्यासाठी, वय सिद्ध करण्यासाठी किंवा पैसे मिळवण्यासाठी तो कधीही लागत नाही. जी गोष्ट आज मोफत आहे ती मोफत ठेवण्यासाठी कोणी पिन मागत असेल, तर तिथेच थांबावे. आत्याला मी डायरीतले ते पान फाडायला लावले आणि पिनही बदलून दिला.

दुसरा दावा खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याचा. मी बँकेत सव्वीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे या वाक्याचा मला विशेष राग आला. मोबाईल क्रमांक खात्याला जोडलेला असणे म्हणजे ज्याच्याकडे तो क्रमांक आहे त्याला खात्यात हात घालण्याचा परवाना मिळणे नव्हे. ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने नियम केलेले आहेत आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते काटेकोरपणे लागू आहेत. कार्ड असो वा यूपीआय, अशा वसुलीची परवानगी खातेदाराने स्वतः, ओटीपी किंवा पिन यांसारख्या जादा पडताळणीने, एकदा द्यावी लागते. प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी खातेदाराला सूचना द्यावी लागते. आणि दिलेली परवानगी खातेदाराला केव्हाही मागे घेता येते. पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपयांवर नेली गेली. या चौकटीत ‘न विचारता ६० रुपये’ कुठेच बसत नाहीत. परवानगी दिलीच नसेल तर कापण्यासारखे काही नाही, आणि नकळत दिली गेली असेल तर यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली तिची नोंद दिसते, ती तिथूनच रद्द करता येते. हे पान आपल्या घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या मोबाईलवर एकदा उघडून पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोक या दाव्यावर विश्वास का ठेवतात, हे मला कळते. एके काळी कॉलर ट्यून आणि क्रिकेटचे संदेश यांच्या नावाखाली मोबाईलमधली शिल्लक खरोखरच न सांगता कापली जात असे, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की ट्रायला २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची करावी लागली. ती आठवण पुसली गेलेली नाही. पण ती मोबाईलच्या शिल्लकीची गोष्ट होती, बँक खात्याची नव्हे.

ट्रायचे नाव निरोपात दरारा बसावा म्हणून घातलेले आहे. मोबाईल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या, केबल आणि डीटीएच हे ट्रायचे क्षेत्र आहे. एखाद्या व्हिडिओ संकेतस्थळाने प्रेक्षकाकडून किती पैसे घ्यावेत हे ट्राय ठरवत नाही. उलट ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने ट्रायने इंटरनेट कंपन्यांना आशय पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. गोंधळाचे मूळ बहुधा २०१९ मध्ये आहे. त्या वर्षी टीव्हीच्या वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आली, १०० साध्या वाहिन्यांना कर सोडून १३० रुपये आणि एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या वाहिन्या असा हिशेब घरोघरी मांडला गेला, आणि तो खरोखरच ट्रायचा होता. स्वच्छ चित्राला जास्त पैसे, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसले असावे.

आता जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे, जरी असा निरोप लिहिणाऱ्याला एवढेही श्रेय देणे जिवावर येते. चांगल्या चित्रासाठी पैसे मागण्याचा विचार कंपन्यांनी केलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूट्यूबने काही प्रेक्षकांपुरते ४के, म्हणजे अतिशय स्वच्छ, चित्र सशुल्क सदस्यांसाठी राखून पाहिले होते. ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो प्रयोग बंद केल्याचे कंपनीने जाहीर केले. २०२३ मध्ये ‘१०८०पी प्रीमियम’ नावाचा जादा पर्याय सशुल्क सदस्यांना मिळाला. त्यात चित्र ज्या ठिपक्यांनी बनते त्यांची संख्या तीच, फक्त दर सेकंदाला अधिक माहिती पाठवली जाते, आणि साधे १०८०पी सर्वांसाठी होते तसेच ठेवले गेले. नेटफ्लिक्सचे तर दरच चित्राच्या दर्जावर बांधलेले आहेत: डिसेंबर २०२१ च्या दरपत्रकात ४८०पीला १४९ रुपये आणि ४केला ६४९ रुपये. पण ते मुळातच पैसे भरून पाहायचे ठिकाण आहे. कारणही उघड आहे. ४८०पीच्या एका चौकटीत सुमारे ४.१ लाख ठिपके असतात, १०८०पीमध्ये २०.७ लाख आणि ४केमध्ये ८२.९ लाख, हे सगळे साठवायला आणि पोचवायला खर्च येतोच. उद्या एखाद्या मोफत संकेतस्थळाने ४केसाठी पैसे मागितले तर मला ते आवडणार नाही, तरी तो त्यांचा व्यवहार असेल. ते तसे उघडपणे सांगतील, आपण घ्यायचे की नाही ते ठरवू, आणि न घेणाऱ्याच्या खात्याला कोणी हात लावणार नाही.

‘व्हिडिओ आत्तापासूनच धूसर दिसू लागले आहेत’ या वाक्याने आत्याची खात्री पटली होती, कारण तिचे कीर्तन खरोखरच धूसर दिसत होते. बुवांचा चेहरा म्हणजे नुसता गुलाबी ठिपका आणि मागच्या पखवाजाचा आकारही कळत नव्हता. मी तिच्या शेजारी बसून पडद्यावरचे दातेरी चक्र दाबले, तर तिथे ‘ऑटो’ आणि पुढे १४४पी, म्हणजे सर्वांत खालचा दर्जा, असे लिहिलेले होते. ऑटो म्हणजे इंटरनेटचा वेग जसा असेल तसे चित्र आपोआप वरखाली होते. आत्याची खोली आतल्या बाजूला, जुन्या दगडी भिंतींच्या मागे आहे. तिथे मोबाईलला एकच दांडी येते. मी तिला खुर्ची घेऊन अंगणाच्या दाराशी बसायला सांगितले आणि हाताने ४८०पी निवडून दिले. दहा-बारा सेकंदांत बुवांच्या कपाळावरचा बुक्का दिसू लागला. ‘म्हणजे यांनी बंद नव्हते केले?’ असे तिने विचारले, तेव्हा मला निरोप लिहिणाऱ्याचा जितका राग आला तितका आधी आला नव्हता. घरातल्या भिंतीचा दोष त्याने तिच्या न भरलेल्या पैशांवर टाकला होता.

दुसरे कारण तिच्या रिचार्जमध्ये आहे. तिला रोज दीड जीबी मिळतो. नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांना दिलेला हिशेब प्रमाण धरला तर साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. यूट्यूबचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील इतकेच. म्हणजे एचडीत पाहायला बसले तर आत्याचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपू शकतो, आणि त्यानंतर वेग इतका पडतो की १४४पीसुद्धा अडखळत चालते. स्वच्छ चित्राची किंमत आपण आजही मोजतो, ती डेटाच्या रूपाने. चित्राचा दर्जा पैशांशी संबंध नसताना खाली येऊ शकतो, याचे मोठे उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे: मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत जाळ्यावर ताण येऊ नये म्हणून भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईलवरचे चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८०पीवर मर्यादित केले होते. त्यासाठी कोणाकडूनही एक पैसा मागितला गेला नव्हता.

आवाज खालावण्याचे आणि व्हिडिओ पुसण्याचे दावे निराधार आहेत. चित्र आणि आवाज बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रवाहांतून येतात, त्यामुळे चित्र १०८०पीवरून ४८०पीवर आणले म्हणून आवाज त्या प्रमाणात बिघडत नाही. रात्री आत्या आपल्या ग्वाल्हेरच्या कृष्णराव शंकर पंडितांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकते. त्यांत पडद्यावर बहुधा एकच स्थिर छायाचित्र असते. त्यासाठी एचडी लावून डेटा घालवू नकोस, हे मी तिला बजावले आहे.

ज्यांनी तो दुवा उघडून पिन टाकला असेल त्यांनी संकोच न करता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि पिन बदलावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. ज्यांनी निरोप पुढे पाठवला त्यांनी त्याच गटांवर तो खोटा असल्याचे स्वतःच्या नावाने लिहावे. आमच्या मंडळाच्या गटावर तिघींनी तसे लिहिले आहे. काकूंना पैसे जाऊन दीड दिवस झाल्यावर, शुक्रवारी सकाळी, मी त्यांच्याजवळ बसून १९३० वर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.