चिरुटाची चांदणी

टेक्सासच्या ‘डेव्हिल्स सिगार’ अळंबीवरचा लेख आवडला. गडद तपकिरी चिरूट उभा चिरतो, चांदणी उमलते आणि बीजाणू धुरासारखे उडताना बारीकसा फुस्स आवाज येतो. अळंबी बोलते म्हणायची! फक्त एक राहिलं. चार्ल्स पेक या अमेरिकी अळंबीतज्ज्ञाने १८९३ मध्ये हिला ‘अर्न्युला’ या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं होतं. हिचं तिथे काही जुळत नाही, वेगळा जीनस हवा, असं १९०२ मध्ये म्हणाली एल्सी कुप्फर, तीही विद्यार्थिदशेत. ‘कोरिओअ‍ॅक्टिस’ हे नाव तिचंच. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला मात्र १९६८ उजाडलं. लेखात तिचा उल्लेखही नाही, हे खटकलं. बाकी हीच अळंबी मधला अख्खा पॅसिफिक सोडून थेट जपानात कशी उगवते, ते कोडं आहेच. डीएनएवरून दोघींची ताटातूट किमान १.९ कोटी वर्षांपूर्वीची निघाली.