यथोचित विचार

आज प्रादेशिक आराखडा अंतिम होऊन हातात आला. हरकतींचं परिशिष्ट उघडलं तर एकच ओळ: 'प्राप्त सर्व हरकती व सूचनांचा यथोचित विचार करण्यात आला आहे.' यथोचित! कोणी केला, कधी केला, कुठली सूचना का टाकली, अक्षर नाही.

मला ती सुनावणीच आठवली. पाच लहान गावांची मिळून एक सभा, तीही पाचांतल्या सगळ्यात मोठ्या गावात, कामाच्या दिवशी सकाळी अकराला. शेजारच्या आजी माझ्यासोबत दोन बस बदलून आल्या होत्या. भिंतीवर नकाशा. त्यांनी चष्मा पुसला, नदीवर बोट ठेवलं आणि सरकवत सरकवत खाली आल्या. मग बोट थांबलं. आमचं गाव रंगसूचीच्या चौकटीखाली गेलं होतं! पिवळा म्हणजे निवासी, जांभळा म्हणजे औद्योगिक, हे सांगणारी चौकट. नवा रस्ता तिच्या एका बाजूने आत शिरत होता, दुसरीकडून बाहेर पडत होता. 'इथं मी राहते,' आजी चौकटीला म्हणाल्या.

छपाईतली चूक, म्हणे. असेल बाबा.

आणि अहवालात काय, तर 'बहुतांश नागरिकांचा रस्त्याला पाठिंबा'. अहो, पाचही गावांचे अर्ज एका गठ्ठ्यात टाकून मोजलेत तर बहुतांश मोठ्या गावाचेच निघणार ना! त्यांची कोंडी फुटते, आमच्या नदीकाठी भराव पडतो. एका गावाला पाणी हवंय, एकाला बस, एकात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळेची धास्ती. यांची बेरीज करून भागाकार केला की कोणत्या गावाचं उत्तर येतं?

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं. सल्लामसलत चौथी, आणि तीही देखाव्याच्या गटात. आम्ही कितव्या पायरीवर होतो ते तुम्हीच ठरवा. पर्यावरणाच्या निर्णयांबद्दलच्या १९९८च्या आरहूस करारात तर सरळ लिहिलंय, सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्या. इथे रेघ आधी मारली, मग विचारलं रेघ कशी वाटते.

बरं, पाच ठिकाणी पाच सभा म्हणजे वेळ जातो, माणसं लागतात. मान्य. दवाखाना आपल्या दारात आणि कचरा डेपो शेजारच्या गावात, हे आम्हीही मागतोच. पण मग तसं तोंडावर सांगा की! 'तुमचं ऐकलं, पटलं नाही, कारण हे.' भांडू आम्ही, पण कशाशी भांडतोय ते तरी कळेल.

त्या सुनावणीत टेबलाशी बसून हरकती लिहून घेणाऱ्या मुलीवर मात्र माझा राग नाही. तिने आजींना स्वतःची खुर्ची दिली, त्या सांगतील तसं लिहून घेतलं: 'मोरीपाशी आत्ताच पाणी तुंबतं, भराव टाकलात तर घरात येईल.' वाचून दाखवलं, सही घेतली, पोच दिली. शेवटची बस चुकेल म्हणून आम्ही निघालो तेव्हा ती एकटीच कागदांना क्रमांक घालत बसली होती. तिच्यानंतर तो कागद कुणी वाचला, देव जाणे.

ती पोच आजींनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलीय. आत्ताच जिन्यावरून विचारत होत्या, 'आराखडा आला म्हणे. माझ्या पाण्याचं काय लिहिलंय त्यात?'

अजून वाचतोय, म्हटलं.