मगर बोलते का?

धाकटी चौथीत गेली आणि तिच्या वहीत ‘अद्भुतकथा व वास्तववादी कथा : फरक सांगा’ असा प्रश्न आला. मी फुशारकीनं म्हणालो, “सोप्पं आहे. घडू शकतं ती वास्तववादी, घडूच शकत नाही ती अद्भुत.”

“म्हणजे वास्तववादी खरी असते?”

“नाही गं. तीही रचलेलीच असते.”

“म्हणजे दोन्ही थापाच. मग फरक कसला?”

इथं खरं तर मी चहा मागून विषय बदलायला हवा होता. पण उदाहरण दिलं, माकड आणि मगरीचं. आणि दिलं कुठं, तर सांगलीत!

“बाबा, कृष्णेत मगरी आहेत की. भिलवडीकडं तर लोक पाण्यात उतरायला भितात.”

“आहेत, पण बोलतात का?”

“बोलत नाहीत. पण काळीज खातात, ते खरंच ना?”

“एक जरी अशक्य गोष्ट आली, की अख्खी कथा अद्भुत.”

“लोणच्यात केस सापडला, की अख्खी बरणी टाकायची, तसं?”

“माझ्या बरणीत कधी सापडला गं केस?” स्वयंपाकघरातून माझी आई कडाडली.

आता परीक्षा माझी सुरू झाली. “एक आजी खिडकीतून बाहेर पडली, होडीत बसली आणि होडी गल्लीतून निघाली. सांगा, कोणती?”

“अद्भुत,” मी घाईत बोलून गेलो.

आई मटार सोलायचे सोडून, हातातली शेंग तशीच धरून बाहेर आली. “अरे, मीच ती! २०१९ चा ऑगस्ट. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ च्या वर. ही बरणी मांडीवर घेऊन बसले होते होडीत. तू पुण्यात होतास, तुला काय ठाऊक!”

ते पुणं मला सात वर्षं ऐकवलं जातंय.

मग मीच एक साधी, कुणाला बोट ठेवायला जागा नाही अशी वास्तववादी कथा लिहून दिली : ‘बाबा पाच मिनिटांत येतो म्हणाले. पाच मिनिटांत आले. येताना न विसरता कोथिंबीर आणली.’

धाकटीनं ती दोनदा वाचली, तिच्या आईला दाखवली, आजीला दाखवली. तिघी बराच वेळ हसत होत्या.

काल वही तपासून आली. माझी कथा ‘अद्भुत’ या रकान्यात आहे आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे.