लस पुण्याची, मुले किलिफीची

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या आतेभावाने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, एक लांबलचक मजकूर पाठवला. परदेशी पैशाने भारतात होणाऱ्या औषधांच्या आणि लसींच्या सर्व चाचण्या ताबडतोब बंद कराव्यात, आपली गरीब मुले म्हणजे कोणाच्या प्रयोगशाळेतील उंदीर नव्हेत, असा त्याचा आशय होता. आठ दिवसांनी दादानेच दुसरा मजकूर पाठवला. पुण्याने आफ्रिकेला मलेरियाची लस दिली, याचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. दोन्ही मजकुरांखाली त्याच नातेवाइकांनी हात जोडले होते. हे दोन मजकूर एकमेकांना छेद देतात हे एकालाही जाणवले नाही, याचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

ही लस पुण्यात तयार होते, हे खरे आहे. आर-२१ नावाची ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली, सिरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन हाती घेतले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती मुलांना मलेरियापासून वाचवते की नाही, हे पुण्यात बसून कळणे शक्य नव्हते. ते कळले बुर्किना फासो, माली, टांझानिया आणि केनिया या चार देशांतील पाच ठिकाणच्या ५ ते ३६ महिने वयाच्या ४,८०० मुलांमुळे. त्या पाच ठिकाणांपैकी एक म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरचे किलिफी, जिथे मी २०१४ पासून राहते आणि मुलांच्या जंतुसंसर्गाच्या नोंदींचे सांख्यिकी काम करते. दर तीन मुलांपैकी दोघांना मलेरियाची आणि एकाला तुलनेसाठी रेबीजची लस दिली गेली, आणि आपल्या मुलाला यांपैकी काय मिळाले आहे, हे आईबापांना ठाऊक नव्हते. ताप आला की आईने लेसोत, म्हणजे अंगावरच्या कापडात, मूल बांधायचे, बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, मिळाली तर ठीक, नाहीतर चालत डिस्पेन्सरी गाठायची आणि पुन्हा एकदा बोट टोचून घ्यायचे. त्या बोटांमधून जी संख्या हाती आली, ती अशी की जिथे मलेरिया ठरावीक हंगामात येतो तिथे वर्षभरात त्याचे प्रमाण ७५ टक्क्यांनी घटले आणि किलिफीसारख्या बारमाही मलेरियाच्या ठिकाणी ६८ टक्क्यांनी.

म्हणून माझा दादाला सरळ प्रश्न आहे. ही मुले उंदीर होती का? ती उंदीर असतील, तर पुण्याच्या लसीचा अभिमान बाळगण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. ती उंदीर नसतील, समजून-उमजून संमती दिलेल्या आईबापांची मुले असतील, तर मग तोच मान नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या आईला का नाकारायचा?

दादाच्या रागाला आधारच नाही, असे मी म्हणत नाही. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा खम्ममच्या आश्रमशाळांतील कित्येक मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. आईबापांना विचारलेच गेले नाही. पुढे सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, तरी संमतीच्या त्या कागदांचे समर्थन कोणालाही करता आले नाही, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर जे कठोर ताशेरे ओढले ते योग्यच होते. पण त्या अहवालातून दादाने जो अर्थ काढला आहे, तो मला मान्य नाही. सही चुकीच्या माणसाने केली, यावरचा उपाय योग्य माणसाची सही घेणे हा आहे. इथे किलिफीत गावकऱ्यांनी स्वतः निवडून दिलेले प्रतिनिधी असतात, प्रत्येक अभ्यासाची चर्चा आधी चीफच्या बराझात, म्हणजे गावसभेत, होते, संमतिपत्र गिरियामा भाषेत मोठ्याने वाचून दाखवले जाते आणि आईने अंगठा उमटवला तर शेजारी तटस्थ साक्षीदाराची सही लागते. मी अशा बैठकींना बसले आहे. 'रक्त किती चमचे घेणार, उरलेले कुठे ठेवणार, ते विमानाने कुठे पाठवणार?' असे प्रश्न तिथल्या म्हाताऱ्या बायका विचारतात, आणि उत्तर पटले नाही तर उठून जातात. आमच्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर असे प्रश्न विचारण्याची संधी कोणाला मिळाल्याचे मी लहानपणी पाहिले नाही.

चाचणी न करणे म्हणजे सुरक्षित राहणे, ही समजूत तर अधिकच घातक आहे. गंभीर संसर्ग झालेले, हातपाय थंड पडलेले मूल रुग्णालयात आले की त्याला शिरेतून झपाट्याने सलाईन द्यायचे, ही श्रीमंत देशांतली रूढ पद्धत होती आणि पाठ्यपुस्तकांतही तेच शिकवले जात होते. जिथे कृत्रिम श्वसनयंत्र नाही आणि दोन परिचारिकांकडे अख्खा वॉर्ड आहे, अशा आफ्रिकी रुग्णालयांत ही पद्धत खरोखर जीव वाचवते का, हे कोणी तपासलेच नव्हते. किलिफीच्या डॉक्टर कॅथरिन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, टांझानिया आणि युगांडा येथील रुग्णालयांत ते तपासले गेले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सर्वांना हादरवले. ३,१४१ मुलांच्या त्या अभ्यासात ज्यांना झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील प्रथिनाचे द्रावण, दिले, त्यांपैकी सुमारे साडेदहा टक्के मुले ४८ तासांत दगावली. ज्यांना ते दिले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. म्हणजे दर शंभर मुलांमागे तिघांचा जीव आपण उपचार म्हणून देत असलेल्या गोष्टीने जात होता. हे कळताच ती चाचणी ठरलेल्या संख्येआधीच थांबवण्यात आली.

हा अभ्यास मी येण्यापूर्वीचा आहे. पण त्या काळात वॉर्डात काम केलेल्या परिचारिकांकडून मी तो ऐकला आहे. मूल डोळ्यांदेखत विझत असताना आईपुढे दहा पानी संमतिपत्र ठेवणे अमानुष ठरले असते, म्हणून तिच्याकडून आधी तोंडी होकार घ्यायचा आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर समजावून लेखी संमती घ्यायची, अशी पद्धत ठरली होती. त्या तोंडी होकाराला संमती म्हणावे का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. तरीही मी ठामपणे म्हणेन की हा अभ्यास झाला नसता, तर ती तीन मुले प्रत्येक शेकड्यामागे, प्रत्येक वर्षी, कोणाच्याही लक्षात न येता जात राहिली असती, आणि त्यांच्याविषयी दादाच्या गटावर एक ओळही आली नसती.

'परदेशी' या शब्दावर दादाचा जो भर आहे, त्यामुळे त्याला घरातलीच गोष्ट दिसत नाही. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बालकांवर घरीच उपचार करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती ३९ गावांत राबवून आणि इतर ४७ गावांशी तुलना करूनच सिद्ध झाली. त्या ४७ गावांशिवाय नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा पुरावा १९९९ मध्ये जगापुढे मांडता आला नसता, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेतात, त्यामागेही तो पुरावा आहे. तोही प्रयोगच होता.

इथल्या किनाऱ्यावर रक्त काढून नेणाऱ्या माणसासाठी एक जुना शब्द आहे, मुमियानी. माझ्या पहिल्या वर्षी एका वस्तीत आम्ही नमुन्यांची शीतपेटी घेऊन उतरलो, तेव्हा मुले हाच शब्द ओरडत पळाली. मी चमकले, कारण हा शब्द मला परका नव्हता. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबईत अफवा पसरली होती की इस्पितळात नेलेल्या माणसांच्या शरीरातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढली जाते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. फारसीतून निघालेला एकच शब्द समुद्राच्या दोन्ही काठांवर पोहोचला आणि दोन्हीकडे त्याने एकाच भीतीला नाव दिले. त्याच मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. त्या कैद्यांना नकार देणे कितपत शक्य होते, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती. म्हणून लोकांच्या संशयाला मी अडाणीपणा म्हणत नाही. पुण्यात रँडच्या शिपायांनी घरे उचकटली, त्याची आठवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, तर इथल्या लोकांनी आपली आठवण का विसरावी?

माझे वडील हिवताप कर्मचारी होते. दर पंधरवड्याला सायकलवरून पाडे पालथे घालायचे, घराच्या भिंतीवरील चौकटीत तारीख लिहायची, 'कोणाला ताप?' म्हणून विचारायचे, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या. त्यांना पाहून लोक रानात निघून जात. सुट्टीच्या दिवशी ते मला दांडीवर बसवून नेत आणि अंगणात सर्वांसमोर आधी माझे बोट टोचत. पोरीला काही होत नाही हे पाहिले की एकेक हात पुढे येई. सहा-सात वर्षांची मी त्या अंगणांमध्ये स्वतःला फार मोठी समजत असे. मी या कामात आले त्याचे मूळ तिथे आहे, असे मी इतकी वर्षे सांगत आले आहे.

या सगळ्याचे उत्तर मी दादाच्या गटावर लिहायला घेतले. त्याआधी फोनवर तो मला म्हणाला होता, "तू त्यांचीच बाजू घेणार, पगार तिकडचा खातेस." ते मला लागले. माझा पगार ज्या निधीतून येतो त्याचे निर्णय लंडनमध्ये होतात, हे खरेच आहे, आणि कोणत्या आजारावर पैसा लावायचा हे किलिफीतील म्हाताऱ्या बायका ठरवत नाहीत, हेही खरे आहे. तरीही मी लिहीत गेले, आणि मजकूर जवळजवळ पूर्ण झाल्यावर थांबले, कारण दादा पुढे काय विचारील हे मला ठाऊक होते.

माझी मुलगी नोव्हेंबर २०२० मध्ये मोंबासात जन्मली. २०२१ मध्ये किलिफीत आर-२१ साठी मुलांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा ती बरोबर त्या वयात होती. आमचे घर त्या गावांच्या हद्दीत बसते का, हे मी कोणाला विचारलेच नाही. आधीच्या टप्प्यातील सुरक्षिततेची माहिती मी वाचलेली होती, दुष्परिणामांची आकडेवारी मला माझ्या मुलीच्या वजनाइतकी तोंडपाठ होती, आणि भीती वाटावी असे त्यात काही नव्हते. तरी मनात पहिला विचार आला तो असा, की हे आपल्यासाठी नाही. एका संध्याकाळी आमच्या क्षेत्रकार्यकर्त्या मामा कादझो, म्हणजे कादझोची आई, आमच्या ओसरीवर चहा आणि महामरी, म्हणजे इथली तळलेली गोड पोळी, घेत बसल्या होत्या. त्यांनी मुलीला मांडीवर घेतले आणि किती महिन्यांची झाली म्हणून विचारले. मी सहा म्हणाले. "आमच्या कादझोचा मुलगाही सहाच महिन्यांचा," त्या म्हणाल्या, "उद्या त्याचा पहिला डोस." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढे काहीच विचारले नाही. मी आणखी चहा ओतला. सात वर्षे इथे राहूनही शेजारी मला मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणतात, याचे मला वाईट वाटत आले होते. त्या संध्याकाळी मला समजले की दादाच्या मजकुरातला 'आपली मुले' हा शब्द माझ्याही मनात त्याच जागी होता, आणि मामा कादझोचा नातू त्यात नव्हता.

मी दादाला अजून उत्तर पाठवलेले नाही. परवा शहापूरला फोन केला, तेव्हा वडिलांना हे सगळे सांगितले, आणि लहानपणी ते माझे बोट टोचत त्याची आठवण काढली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू कधी रडली नाहीस. पण तुझी आई त्यानंतर दोन-दोन दिवस माझ्याशी बोलत नसे. तुला कधी सांगितले नाही तिने?"

आई आता नाही. तिने मला खरोखरच कधी सांगितले नव्हते.