‘१०० कंपन्या, ७१ टक्के प्रदूषण’ : अर्धाच वाचलेला आकडा

“जगातलं ७१ टक्के प्रदूषण फक्त १०० कंपन्या करतात. मग वस्तीत बैठका घेऊन आणि छतावर सोलर बसवून काय फरक पडणार?” हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला राग रास्त आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि काम करू शकणारी माणसं त्यामुळे घरी बसतात.

“७१ टक्के कंपन्या करतात.” हा आकडा २०१७च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला. तो १९८८पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपुरता आहे. शेती आणि जंगलतोड त्यात धरलेली नाही. यादी आहे कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्यांची, आणि सौदी अरामको, कोल इंडिया यांसारख्या सरकारी कंपन्याही तीत आहेत. मुख्य गोष्ट मजकुरात कधीच नसते : या कंपन्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनातलं सुमारे ९० टक्के उत्सर्जन त्यांनी विकलेलं इंधन इतरत्र जाळल्यावर होतं. वीजकेंद्रांत, कारखान्यांत, गाड्यांत, घरांत. तिथली मागणी घटली की कंपनीच्या खात्यातला आकडाही घटतो.

“सामान्य माणूस व्यवस्था बदलू शकत नाही.” एकटा नाही बदलू शकत. गट बदलतो. जर्मनीतल्या शोनाऊ या छोट्या गावात १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर काही पालक एकत्र आले. सुरुवात वीजबचतीच्या स्पर्धांपासून झाली. पुढे वीजकंपनीचा करार मुदतीआधीच वाढवायचा निर्णय गावपरिषदेने घेतला, तो लोकांनी १९९१च्या सार्वमतात उलटवला. १९९६चं दुसरं सार्वमतही थोड्या फरकाने जिंकलं, आणि १९९७मध्ये गावाचं वीजजाळं नागरिकांच्या कंपनीकडे आलं. बचतीच्या स्पर्धा आणि सत्तेचा प्रश्न ही दोन वेगळी कामं नव्हती. पहिल्यातूनच दुसऱ्यासाठी माणसं उभी राहिली.

“लोकांना पर्वाच नाही, कितीही सांगा.” नुसतं सांगून फार थोडे हलतात, हे खरं. पण शेजाऱ्याच्या छतावर पॅनेल दिसलं की हलतात. कॅलिफोर्नियातल्या आकडेवारीवर आधारित २०१२च्या एका अभ्यासात असं दिसलं, की एखाद्या पिनकोडमध्ये सोलरची एक जोडणी वाढली की तिथे पुढची जोडणी होण्याची शक्यता ०.७८ टक्के बिंदूंनी वाढते. म्हणून पत्रकं वाटण्यापेक्षा सामूहिक खरेदी जास्त उपयोगी. ती अशी करतात :

प्रत्येक घराची १२ महिन्यांची वीजबिलं गोळा करा. एका महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवली तर ती हमखास चुकते. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत छतावर सावली कुठे पडते ते पाहा, कारण एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेत एका पॅनेलवर सावली आली तरी साऱ्या माळेचं उत्पादन घटू शकतं. एका किलोवॉटला ८ ते १० चौरस मीटर मोकळी जागा धरा. मग सगळ्यांच्या वतीने एकच मागणीपत्र किमान तीन पुरवठादारांना द्या आणि दर एकाच तक्त्यात मांडा. हमी नीट वाचा : पॅनेलची २५ वर्षांची असली तरी इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो.

खरेदी बिघडते ती तोंडी होकारांमुळे. ४० जण ‘हो’ म्हणतात, दर ४० घरांचा ठरतो, करार करायला १५ येतात आणि पुरवठादार दर वाढवतो. दर मागण्याआधीच परत मिळणारी छोटी अनामत घ्या; खरा आकडा तिथेच कळतो. दर २०, ३० आणि ४० घरांसाठी वेगवेगळे मागवा. पैसे दोघांच्या सहीने निघतील अशा खात्यात ठेवा. एवढं न करता मोडलेली खरेदी पुढची काही वर्षं त्या वस्तीत कुणाला तोंड उघडू देत नाही.

“शेवटी तेच ते दहा जण राबतात.” हे बऱ्याचदा खरं असतं, आणि दोष त्या दहा जणांच्या मदत मागण्याच्या पद्धतीचा असतो. ‘जमेल तशी मदत करा’ याला कुणीच उत्तर देत नाही. ‘रविवारी १० ते १२, या आठ घरांची बिलं आणायची’ याला देतात. आदल्या संध्याकाळी फोन करा, आणि समन्वयक वर्षाने बदला.

दाव्यात खरं काय आहे तेही सांगायला हवं. पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण हे सामूहिक खरेदीने बदलत नाही. तिथे कायदा लागतो. पण नव्या प्रकल्पाची सुनावणी लागते तेव्हा हरकत घ्यायला कोण येतं? ज्यांचे फोन नंबर आधीच एका यादीत आहेत, जे एकमेकांना ओळखतात आणि ज्यांना आकडे वाचता येतात, ते. हरकत मुदतीत द्यायची, लेखी द्यायची, प्रत्येकाने वेगळी द्यायची आणि पोच घ्यायची.